हाली रुपयाचें मोल व संग्राहकांची पारख

दिवाळींत लक्ष्मीपूजनाच्या पाटावर ठेवावयाचा जुना रुपया ज्या घरांत नाहीं असें घर नांदेड-लातुराकडे पूर्वीं विरळाच सांपडे. वर्षांतून एकदां डब्यांतून निघावें, चिंचेच्या कोळानें घांसून घ्यावें, हळदकुंकू लेवून पाटावर बसावें आणि भाऊबीज उरकली कीं पुन्हां डब्यांत जावें, एवढेंच त्या रुपयाचें काम. आमच्याहि घरीं असे तीन रुपये होते. आज त्यांतला एकच उरला आहे. बाकीचे दोन एका धनत्रयोदशीस आम्हींच सराफाच्या तराजूंत घातले आणि त्यांच्या बदलीं लक्ष्मीची मूर्ति उठविलेलें नवें चांदीचें नाणें घरीं आणलें. वजनास वजन, वर थोडी घडणावळ. व्यवहार अगदीं चोख झाला. त्या दोन रुपयांवर काय लिहिलें होतें, ते कोणत्या सालचे होते, कोणाच्या पदरास बांधून कोणत्या गांवाहून आमच्या घरीं आले होते, हें विचारण्याचें ना सराफास सुचलें ना आम्हांस. पुढें नांदेडच्या एका नाणेसंग्राहक स्नेह्यानें उरलेला रुपया हातीं घेऊन "याच्या जोडीचे कोठें आहेत?" असें विचारलें, तेव्हां आम्हांस आपली चूक प्रथम कळली. परंतु त्याच भेटींत त्या स्नेह्याच्या पारखीविषयींहि आमच्या मनांत कांहीं शंका उत्पन्न झाल्या. त्या वाचकांपुढें मांडाव्या, याच हेतूनें हा लेख लिहिला आहे.

ज्यांचें बालपण मराठवाड्याबाहेर गेलें त्यांस 'हाली' म्हणजे काय तें प्रथम सांगितलें पाहिजे. नांदेड व लातूर हीं दोन्ही गांवें १९४८ पर्यंत हैदराबादच्या निजामाच्या राज्यांत होतीं. शेजारच्या इंग्रजी मुलखांतले लोक या प्रदेशास 'मोंगलाई' म्हणत. या राज्याचें चलन स्वतंत्र होतें. 'हाली सिक्का' म्हणजे चालू शिक्का. आपल्या बोलण्यांतला 'हल्लीं' हा शब्दहि त्याच अरबी 'हाल' शब्दाचा नातलग आहे. इंग्रजी रुपयास लोक 'कलदार' म्हणत, कारण तो कळीवर, म्हणजे यंत्रावर, पाडलेला. लातुरास १९११ मध्यें बारशी लाइट रेल्वेची अरुंद आगगाडी येऊन पोंचली. बारशी इंग्रजी सोलापूर जिल्ह्यांत आणि लातूर मोंगलाईंत. त्यामुळें कापूस आणि धान्य घेऊन गाडी तिकडे गेली कीं इकडे कलदार येई आणि शेतकऱ्याचा सारा मात्र हालींत भरावा लागे. नांदेडासहि मनमाडाहून सिकंदराबादेस जाणारा लोहमार्ग १९०० च्या सुमारास झाला आणि तेथल्या बाजारांतहि हाच प्रकार सुरू झाला. दोन रुपयांमध्यें बट्टा, आणि त्या बट्ट्याच्या मध्यें सराफ! मराठवाड्यांतल्या जुन्या कुटुंबांच्या चोपड्यांत रकमेपुढें 'हाली' कीं 'कलदार' हें लिहिल्यावांचून आंकडा पुरा होत नसे.

हा बट्टा सराफांच्या मर्जीवर तेवढा अवलंबून होता असें समजूं नये. कलदार रुपया एक तोळ्याचा, म्हणजे आजच्या मापानें सुमारें ११.६६ ग्रॅम, आणि त्यांत बारांत अकरा भाग शुद्ध चांदी. चारमिनारी हाली रुपया ११.१८ ग्रॅमच्या आसपास आणि त्यांत शंभरांत सुमारें ८२ भाग चांदी. वाचकांनीं स्वतः गुणाकार करून पाहावा. एकांत सुमारें १०.७ ग्रॅम चांदी भरते, दुसऱ्यांत ९.१ ग्रॅमच्या किंचित् वर. म्हणजे शंभर कलदारांची चांदी आणि सुमारें ११७ हालींची चांदी सारखी. शंभर कलदारांस ११६ रुपये १० आणे ८ पै हाली हा जो ठरीव भाव अनेकांच्या आजोबांस तोंडपाठ असे, तो या गुणाकाराशीं किती जुळतो तें पाहण्यासारखें आहे. १९५० मध्यें भारतीय रुपया या प्रदेशांत अधिकृतपणें आला तोहि याच प्रमाणानें: सात हालीस सहा भारतीय. पुढें १९५९ मध्यें हाली चलनांतून बाद झाला आणि ज्याचें नांवच 'चालू' त्याचें चालणें थांबलें.

आतां या रुपयाचें वाचन कसें करावें तें पाहूं. आमच्या स्नेह्याचा खरा अधिकार येथें दिसतो, आणि तो आम्ही मोकळ्या मनानें मान्य करतों. फारसी अक्षरांची आम्हांस केवळ नक्षी दिसे. त्यांनीं ती वाचून दाखविली. १८५७ पर्यंत निजामाच्या रुपयावर दिल्लीच्या बादशहाचें नांव असे. दिल्लीचें तख्त केव्हांच पोकळ झालें होतें, तरी शिक्का त्याच्याच नांवाचा. निजाम आपली खूण म्हणून आपल्या नांवाचें आद्याक्षर तेवढें एका कोपऱ्यांत घाली: सिकंदरजाहाचा 'सीन', नासिरुद्दौल्याचा 'नून'. बंडानंतर बादशाही संपली, आणि नाण्यावर 'निजाम-उल्-मुल्क आसफजाह बहादुर' हा मजकूर आला. त्याच्याजवळ ९२ हा आंकडा दिसतो. तो सालाचा नव्हे. अरबी वर्णांच्या संख्यामूल्यांनीं 'मुहम्मद' या नांवाची बेरीज ९२ होते. दुसऱ्या बाजूस टांकसाळीचें नांव: 'फर्खुंदा बुनियाद हैदराबाद'. साल हिजरी असतें. त्यास ०.९७ नें गुणून ६२२ मिळविले म्हणजे इसवी सन जवळपास निघतो. उदाहरणार्थ १२८६ चे १८६९ होतात, आणि महबूब अली खान गादीवर आले तें हेंच वर्ष. घरांतल्या जुन्या जमिनीच्या कागदांवर जें फसली साल असतें तें याहून वेगळें. त्यांत ५९० मिळवावे लागतात. हे दोन हिशेब एकांत एक मिसळल्यामुळें कित्येक घरांत आजोबांचा रुपया पणजोबांच्या नांवावर चढलेला आम्हीं पाहिला आहे.

१९०३ च्या सुमारास यंत्रावर पाडलेला नवा रुपया निघाला. त्यावर चारमिनारचें चित्र, आणि मधल्या दरवाज्यांत राजाच्या नांवाचें आद्याक्षर: महबूब अलीचा 'मीम', पुढें उस्मान अलीचा 'ऐन'. हा 'चारमिनारी' रुपया पुष्कळांच्या ओळखीचा आहे. त्यापूर्वींचे हातोड्यानें ठोकलेले रुपये मात्र ओळखणारे थोडे. ठशापेक्षां चकती लहान, म्हणून कोणत्याहि एका रुपयावर सगळा मजकूर उमटत नाहीं; एकावर सालाचे दोन आंकडे, दुसऱ्यावर राजाचें अक्षर, तिसऱ्यावर टांकसाळीचें अर्धें नांव. चार रुपये शेजारीं मांडावे तेव्हां एक वाक्य पुरें व्हावें, अशी ही लिपि आहे. शिवाय एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत या राज्यांत टांकसाळीहि अनेक होत्या. औरंगाबादेस चंदुलालांचे बंधु गोविंदबक्ष यांच्या नांवावरून 'गोविंदबक्षी' रुपया प्रसिद्ध होता. तेथलीच टांकसाळ पुढें पेस्तनजी या पारशी सावकाराच्या हातीं गेली तेव्हां 'पेस्तनशाही' निघाला. दक्षिणेस गदवाल व नारायणपेठ येथलीं नाणीं निराळींच. सालारजंग १८५३ मध्यें दिवाण झाल्यावर ही बजबजपुरी आवरली गेली आणि हैदराबादची टांकसाळ मुख्य ठरली. म्हणून त्यापूर्वींचे हे प्रादेशिक रुपये आज संग्राहकांस हवेहवेसे वाटतात.

स्नेह्याचा संग्रह पाहतांना हें सगळें आम्हीं शिकलों. लांकडी खणांत मखमलीवर मांडलेले रुपये, प्रत्येकाखालीं चिठ्ठी, चिठ्ठीवर राजा, टांकसाळ, साल, वजन आणि एक क्रमांक. हा क्रमांक क्राउस व मिश्लर यांच्या जगांतील नाण्यांच्या प्रसिद्ध सूचीग्रंथांतला. हा ग्रंथ प्रथम १९७२ मध्यें निघाला आणि तेव्हांपासून जगभरचे संग्राहक एकमेकांशीं त्याच्याच भाषेंत बोलत आले आहेत. देश, राजा, टांकसाळ, साल आणि पुढें नाण्याच्या प्रतीप्रमाणें किंमतीचे रकाने, अशी त्याची मांडणी. या ग्रंथाचे उपकार मोठे आहेत. नांदेडचा मनुष्य ज्या नाण्याचें वर्णन करतो तेंच नाणें लंडनच्या मनुष्यास बिनचूक कळतें, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु कोणतीहि सूची जें मोजतां येतें तेंच मोजते. आणि जें तिच्या रकान्यांत नाहीं तें जगांतहि नाहीं असें वाटूं लागणें, हा तिच्यावर विसंबणारांचा दोष आहे.

आमचा रुपया पाहून स्नेह्यानें निकाल दिला तो असा: "महबूब अलीचा, साल अर्धेंच, ही जात सर्वत्र मिळते. त्यांत कडी डाखलेली होती ती काढल्याचा डाग आहे, वर सराफाचे दोन ठोके आहेत. संग्रहाच्या दृष्टीनें याला मोल नाहीं." आम्हांस वाईट वाटलें तें मोल नाहीं म्हणून नव्हे. ज्या तीन गोष्टींमुळें तो रुपया आमच्या घरचा ठरत होता, म्हणजे डाख, ठोके आणि झीज, नेमक्या त्याच तीन गोष्टी त्यांनीं वजा केल्या, म्हणून वाईट वाटलें.

त्यांच्याच संग्रहांतला एक खण या मतास उत्तर देतो, हें आम्हांस मागाहून सुचलें. त्या खणांत दक्षिण अमेरिकेंतले एकोणिसाव्या शतकांतले कांहीं मोठे रुपेरी डॉलर आहेत. निजामाच्या रुपयांच्या शेजारीं त्यांचें काय काम, असें आम्हीं विचारलें, तेव्हां ते म्हणाले, "ते यांचे पूर्वज आहेत." आणि तें खरेंच आहे. आपल्या देशांत त्या काळीं चांदीच्या खाणी नांवापुरत्याच होत्या. मोंगल काळापासून आपल्या टांकसाळींत जी चांदी वितळली, तिचा मोठा भाग मेक्सिकोहून आणि पोतोसीच्या डोंगरांतून समुद्रमार्गें आलेला. पोतोसीची ती खाण १५४५ मध्यें सांपडली. आज तें शहर बोलिव्हिया देशांत आहे. १८१३ मध्यें स्पेनशीं लढणाऱ्या क्रांतिकारकांनीं पोतोसी हस्तगत केलें तेव्हां त्याच टांकसाळींतून राजाच्या मुखवट्याऐवजीं तेजस्वी सूर्याचें चित्र असलेलें नाणें बाहेर पडलें. १८२७ पासून बोलिव्हियाच्या नाण्यांवर बोलिव्हारचा चेहरा आला. पुढें १८३० पासून तेथल्या सरकारनें लहान नाण्यांतली चांदी शेंकडा ९० वरून शेंकडा ६७ च्या आसपास उतरविली. तें हलकें नाणें शेजारच्या देशांत पसरलें आणि तेथें भारी नाण्यास बाजारांतून हुसकावूं लागलें. सरहद्दीवर दोन नाणीं, त्यांच्यांत बट्टा, आणि त्या बट्ट्यावर जगणारा व्यापारी, हें लातूरचें चित्र अँडीज पर्वतांतहि होतें.

परंतु आमच्या मुद्द्यास सर्वांत उपयोगी पडतें तें ब्राझीलचें ९६० रेइसचें नाणें. १८१० पासून ब्राझीलांत स्पॅनिश डॉलर स्वस्तांत घेऊन त्यांच्यावरच नवा ठसा मारीत, आणि अधिक किंमतीस चालवीत. ठसा घाईनें मारला म्हणजे खालचा राजा पुरता पुसला जात नसे. नव्या मुकुटाखालून जुनें साल, जुन्या टांकसाळीचें अक्षर डोकावत राहतें. आणि आज संग्राहक कोणत्या नाण्यासाठीं अधिक धडपडतात? ज्याच्याखालचें जुनें नाणें ओळखूं येतें त्याच्यासाठीं! तेथें डाग हा डाग ठरत नाहीं. तोच नाण्याचा इतिहास म्हणून वाखाणला जातो. ब्राझीलच्या सरकारनें मारलेला दुसरा ठोका जर मोलाचा, तर लातूरच्या सराफानें चांदी खरी कीं खोटी पाहण्यासाठीं मारलेला ठोका कवडीमोल कां? एकाची नोंद सूचींत आहे आणि दुसऱ्याची नाहीं, याहून दुसरें कारण आम्हांस सांपडलें नाहीं.

आतां कडीची गोष्ट. किनवट-माहुराकडील तांड्यांवरच्या बंजारा स्त्रियांच्या अंगावर रुपयांच्या माळा वाचकांनीं पाहिल्या असतील. निजामाचा रुपया, राणी व्हिक्टोरियाचा रुपया, पुढल्या जॉर्जांचा रुपया, जो ज्या पिढींत मिळाला तो त्या पिढीनें ओंवला. अशी माळ हा एक संग्रहच आहे आणि तो आमच्या स्नेह्याच्या खणाहून एका बाबतींत श्रेष्ठ आहे: त्यांतलें प्रत्येक नाणें ज्या कुटुंबानें मिळविलें त्याच कुटुंबाच्या अंगावर आहे. हाली आणि कलदार यांचें त्या माळेंतलें प्रमाण पाहिलें तर तें कुटुंब कोणत्या बाजारांत बैल विकी आणि कोणत्या बाजारांत मीठ घेई याचा अंदाज बांधतां यावा. चांदीचा भाव चढला कीं ही माळ प्रथम मोडते. सराफ कड्या काढतो, रुपये वेगळे करतो. बरे असतील ते संग्राहकाकडे जातात आणि झिजलेले मुशींत. संग्राहक आपल्या वांट्यास आलेल्या रुपयाच्या चिठ्ठीवर राजा लिहितो, टांकसाळ लिहितो, पण 'अमक्या तांड्यावरच्या माळेंतला' एवढे चार शब्द लिहीत नाहीं. जो रुपया काल साक्षीदार होता तो आज केवळ वस्तु होतो.

हीच गोष्ट पुरलेल्या धनाची. मराठवाड्यांतल्या गढ्या, माळवदाची घरें, भिंतींतलीं बळदें आणि जमिनींतलीं पेवें यांत रुपये ठेवण्याची चाल जुनी आहे. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहांटे किल्लारीच्या भूकंपांत गांवेंच्या गांवें जमीनदोस्त झालीं. हजारों माणसें गेलीं आणि त्या माणसांबरोबर कोणत्या कोनाड्यांत काय आहे हें जाणणारी स्मृतीहि गेली. भूकंपानें राखलेलीं जुनीं घरें आतां नव्या बांधकामासाठीं मालक स्वतःच पाडीत आहेत. एखाद्या भिंतींतून गाडगें निघालें तर शास्त्राच्या दृष्टीनें तें गाडगें म्हणजे एक संपूर्ण ग्रंथ होय. समजा, त्यांत दोनशें रुपये आहेत. त्यांतलें सर्वांत अलीकडचें नाणें पाहिलें कीं गाडगें केव्हां पुरलें याची एक बाजू ठरते. त्याच्या आधीं तें पुरलेलें असूं शकत नाहीं. जुन्यानव्यांचें प्रमाण पाहिलें कीं किती वर्षांचीं नाणीं एका वेळीं बाजारांत फिरत होतीं तें समजतें. गोविंदबक्षी किती, हैदराबादी किती, कलदार किती, यावरून व्यापाराची दिशा दिसते. हें सगळें ज्ञान नाणीं एकत्र आहेत तोंवरच. त्यांतलीं पांच 'दुर्मिळ' म्हणून पांच गांवच्या संग्राहकांनीं नेलीं आणि उरलेलीं मुशींत गेलीं, कीं ग्रंथाचीं पानें सुटीं करून विकल्यासारखें होतें. १८७८ च्या कायद्याप्रमाणें जमिनींत सांपडलेलें दहा रुपयांवरील किंमतीचें धन कलेक्टरास कळवावें लागतें. ही मर्यादा आज हास्यास्पद वाटेल, पण तिचा अर्थ इतकाच कीं जवळजवळ प्रत्येक गाडगें कायद्याच्या कक्षेंत येतें. शोधणारा नेहमींच रित्या हातीं परततो असेंहि नाहीं. त्याच्या वांट्याची तरतूद त्याच कायद्यांत आहे. शंभर वर्षांवरील नाणें १९७२ च्या कायद्यानें पुरावस्तु ठरतें आणि तें खासगी रीतीनें परदेशीं धाडतां येत नाहीं, हेंहि जाणत्या संग्राहकांनीं अजाणत्यांस सांगावयास हवें.

'दुर्मिळ' या शब्दाचीच एकदां झडती घेतली पाहिजे. सूचीच्या भाषेंत जें थोडें पाडलें गेलें तें दुर्मिळ. पण किती पाडलें यावरून किती उरलें हें ठरत नाहीं. १९१८ मध्यें अमेरिकेनें आपल्या खजिन्यांतले सुमारें २६ कोटि रुपेरी डॉलर वितळवून ती चांदी हिंदुस्थानच्या रुपयांसाठीं विकली. कोणत्या सालचे किती डॉलर मुशींत गेले याची नोंद राहिली नाहीं. त्यामुळें त्या देशाचे संग्राहक आजतागाईत तर्कच करीत आहेत. आपल्याकडे ही मूस दर धनत्रयोदशीस पेटते. आज जो महबूबअली रुपया 'सर्वत्र मिळतो' तो आणखी दोन पिढ्यांनीं तसाच मिळेल याची हमी कोणी द्यावी? आणि मिळाला तरी मोहोळच्या बाजारांतला कोणता व कंधारच्या पेठेंतला कोणता, हें सांगणारें माणूस मिळणार नाहीं. खरी दुर्मिळता ती. आमच्या दोन रुपयांची चांदी आजहि कोठेंतरी आहे. कदाचित् एखाद्या लक्ष्मीच्या मूर्तींत. जें नाहींसें झालें तें परत घडवितां यावयाचें नाहीं.

एक आक्षेप मात्र टाळून पुढें जातां येत नाहीं, कारण तो आमच्याच घरांतल्या वडील माणसांचा आहे. निजामाच्या राजवटींत मराठवाड्यानें जें सोसलें, रझाकारांच्या काळांत जें पाहिलें, तें १७ सप्टेंबर १९४८ रोजीं संपलें. तो मुक्तीचा दिवस आजहि साजरा होतो. मग त्याच राज्याचा शिक्का मखमलीवर कां मांडावा? 'वितळला तें बरें झालें' असें म्हणणारीं माणसें आम्हीं पाहिलीं आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यांतली कळ आम्ही जाणतों. आमचें उत्तर इतकेंच कीं, रुपयावरचें नांव राजाचें असलें तरी त्यावरची झीज रयतेची आहे. सारा भरण्यासाठीं ज्वारी विकून आणलेला, मुलीच्या लग्नांत मोडलेला, दुष्काळांत गहाण पडलेला आणि सुटून आलेला तो रुपया राजाच्या हातीं क्षणभरच होता. उरलेलें आयुष्य त्यानें आपल्याच लोकांच्या कनवटीस काढलें. तो वितळविला तर राजाचें नांव इतिहासांत राहतेंच. पुसला जातो तो रयतेचा पुरावा. बोलिव्हियाच्या लोकांनीं स्पेनच्या राजाचें नाणें जपलें म्हणून त्यांच्या स्वातंत्र्यास उणेपणा आला नाहीं. उलट १८१३ च्या सूर्याचा अर्थ त्याआधींच्या राजमुखवट्याशेजारींच ठेवल्यावर डोळ्यांत भरतो.

संग्राहकांवर आम्हीं टीका केली ती ते निरुपयोगी आहेत म्हणून नव्हे. सरकारी वस्तुसंग्रहालयें जेथें पोंचत नाहींत तेथें हे लोक पोंचतात. मुशीच्या तोंडांतून नाणें काढणारा हात बहुधा त्यांचाच असतो. नाशिकजवळ अंजनेरी येथें नाणेशास्त्राची स्वतंत्र संशोधनसंस्था महाराष्ट्रांत उभी राहिली, ती नाण्यांच्या अशाच प्रेमांतून. आमची मागणी लहान आहे. चिठ्ठीवर आणखी तीन ओळी असाव्या: नाणें कोणत्या गांवाहून आलें, कोणत्या स्वरूपांत आलें, आणि कोणाच्या घरीं काय म्हणून वापरांत होतें. घराचें नांव उघड करणें नको असेल तर गांव पुरे. नाणें घांसूं नये. हळदीचा पिवळा रंग अक्षरांच्या खांचांत बसला असेल तर तो तसाच असूं द्यावा. कडी असेल तर काढूं नये. सराफाचा ठोका दोष म्हणून न लिहितां खूण म्हणून लिहावा. नांदेडास १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नांवाचें विद्यापीठ आहे. तेथल्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांनीं दिवाळीच्या सुटींत आपापल्या घरचा एक एक रुपया वाचून त्याची हकीकत लिहून आणली, तर दहा वर्षांत असा संग्रह होईल कीं ज्यापुढें मखमलीचे खण फिके पडतील. त्यास पैसा लागणार नाहीं आणि एकहि नाणें घरांतून हलवावें लागणार नाहीं.

या सर्व गोष्टी आम्हीं त्या स्नेह्यास सांगितल्या. त्यांनीं वाद घातला नाहीं. खण बंद करतांना ते इतकेंच म्हणाले, "तुम्ही म्हणतां त्या तीन ओळी माझ्या चारशें नाण्यांपैकीं किती नाण्यांच्या लिहितां येतील? वीसहि नव्हे. विचारलेंच नाहीं कधीं." आमच्या दोन रुपयांविषयींचें आमचें उत्तरहि हेंच होतें, मग त्यांस दोष द्यावयास आम्ही कोण! दोष दोघांचा, आणि तो आज सुधारण्याजोगा आहे, कारण ज्यांस ठाऊक आहे अशीं माणसें अजून कांहीं घरांत आहेत.

घरीं आल्यावर आम्हीं आईस विचारलें. उरलेला रुपया तिच्या आजीचा. अहमदपुराकडून सासरीं येतांना आजीच्या गळ्यांतल्या काळ्या दोऱ्यांत तो होता, आणि एका दुष्काळांत दोरा मोडून कडी काढली तरी रुपया मोडला नाहीं, एवढें तिला आठवत होतें. तें आम्हीं कागदावर लिहिलें आणि कागद डब्यांत रुपयाखालीं ठेवला. यंदाच्या लक्ष्मीपूजनास रुपया न घांसतां पाटावर मांडावयाचा असें ठरलें आहे. वाचकांच्या घरींहि असा एखादा डबा असेलच. तो दिवाळीपूर्वीं एकदां उघडावा, आणि घरांतल्या सर्वांत वृद्ध माणसाशेजारीं बसून उघडावा, एवढीच त्यांस आमची विनंति आहे.